बंद पडलेल्या रेल्वे थांब्यासाठी मागणी नेमकी कशाची करावी?

प्रश्न : करंजाखाली

नमस्कार. आमचे गाव हातकणंगले तालुक्यात, कोल्हापूर–मिरज लोहमार्गाला लागून आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आले की कोणाच्या कारकिर्दीत काय झाले आणि काय राहिले यावर बोलणे सुरू होते आणि मूळ विषय बाजूला पडतो, असा ग्रामसभेतील अनुभव अगदी ताजा आहे. गावाला एक लहान रेल्वे थांबा आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे देशभरातील प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि पुढे टप्प्याटप्प्याने सुरूही झाल्या. आमच्या थांब्यावर मात्र गाडी पुन्हा थांबली नाही. त्याआधीही तेथे मोजक्याच गाड्या थांबत असल्यामुळे पहिले वर्षभर गावातून कोणी फारशी तक्रार केली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आज थांब्यावर गेले तर पिवळी पाटी आणि तिच्यावरचा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आकडा स्पष्ट वाचता येतो, पण निम्म्या फलाटावर पाचट वाळत पडलेले असते आणि इमारतीच्या मागच्या भिंतीवर शेणी थापलेल्या असतात. तिकीट खिडकीच्या लाकडी फळीला वर्षानुवर्षे नाणी सरकवून बशीएवढा खळगा पडला आहे. माझ्या सासूबाई दुधाची किटली त्याच फळीला टेकवून तिकीट घेत असत. आता खिडकीला कुलूप आहे, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे गावात एकालाही सांगता आले नाही.

गाव मात्र तेव्हाचे राहिलेले नाही. कोल्हापुरात जागा परवडत नाही म्हणून नोकरदार मंडळी आमच्याकडे येऊ लागली, उसाच्या फडांचे बिगरशेती प्लॉट झाले, आणि ज्या शिवारात पूर्वी रात्री फक्त कोल्हेकुई ऐकू येत असे तेथे आता दुचाकी लावायला जागा मिळत नाही. सकाळी सातनंतर फाट्यावर उभे राहिले की एसटी आधीच भरून आलेली दिसते, केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूर महापालिकेच्या बसच्या, फेऱ्या आमच्यापर्यंत अपुऱ्या पडतात आणि मग उरते ते वडाप, म्हणजे माणसे कोंबून नेणारी खासगी गाडी. मी माध्यमिक शाळेत शिकवते. दहावीला उत्तम गुण मिळवलेल्या माझ्या दोन विद्यार्थिनींनी कोल्हापुरातील महाविद्यालयाचा नाद सोडून जवळचे महाविद्यालय पत्करले, कारण संध्याकाळी सहानंतर परत कसे यायचे याचे उत्तर त्यांच्या घरच्यांकडे नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्याकडेही नव्हते.

ग्रामपंचायतीने आता रेल्वेला निवेदन द्यायचे ठरवले असून मसुदा माझ्याकडे सोपवला आहे. इमारतीची दुरुस्ती, उंच फलाट, सर्व गाड्यांना थांबा, पादचारी पूल, शेड अशी भली मोठी यादी प्रत्येकाने आपापल्या मनाने सुचवली आहे. एवढे सगळे मागितले तर काहीच मिळणार नाही, असे मला आतून वाटते. जाणकारांनी कृपया सांगावे की मागणी नेमकी कशाची करावी आणि तिच्या पुष्ट्यर्थ काय जोडावे.

उत्तर : लाइन क्लिअर

बाई, मी रेल्वेत स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालो. लहान स्थानकांवर बरीच वर्षे काढली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम हे शोधून काढा की आपला थांबा कागदावर बंद झाला आहे, की केवळ गाड्यांचे थांबणे बंद झाले आहे. गावाच्या दृष्टीने दोन्ही एकच, परंतु रेल्वेच्या दृष्टीने या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. थांबा रीतसर बंद केल्याचा आदेश निघाला असेल, तर तो पुन्हा उघडण्यासाठी जवळपास नव्या थांब्याइतकाच खटाटोप करावा लागतो. तसा आदेश नसेल आणि वेळापत्रकातून केवळ आपल्या गाड्यांचे थांबे गळले असतील, तर आपली मागणी फक्त अमुक गाडीला थांबा द्या एवढीच राहते. मध्य रेल्वेच्या पुणे विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये असते आणि ३० दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. थांब्याचा सध्याचा दर्जा, बंदचा आदेश असल्यास त्याची प्रत आणि टाळेबंदीपूर्वीच्या तीन वर्षांची महिनावार तिकीट विक्री, एवढेच मागा. हे उत्तर हाती येईपर्यंत निवेदन पाठवू नका.

तिकीट विक्रीचे आकडे हाती आल्यावर ते अत्यंत कमी दिसतील, याची मनाची तयारी ठेवा, कारण लहान थांब्यांचा घात बहुतेक ठिकाणी याच आकड्यांनी केला आहे. अशा थांब्यावर रेल्वेचा पगारी कर्मचारी नसतो. गावातीलच एखादा हॉल्ट एजंट शेजारच्या मोठ्या स्थानकातून तिकिटे आणून विकतो आणि विक्रीवर त्याला कमिशन मिळते. थांबणाऱ्या गाड्या कमी झाल्या की कमिशन कमी होते, कमिशन कमी झाले की एजंट सकाळच्या गाडीपुरता येतो, आणि पुढे तोही येईनासा होतो. माणसे मात्र प्रवास करीतच राहतात. ती पुढच्या स्थानकात उतरून तिकीट काढतात, किंवा कोल्हापुरातून येताना शेजारच्या स्थानकाचे तिकीट घेतात, किंवा शेजारच्याच स्थानकाचा मासिक पास काढून आपल्या थांब्यावर चढतात. तिकीट ज्या स्थानकाच्या नावावर फाटते त्याच्या खात्यात उत्पन्न जमा होते. त्यामुळे गाडीत आपल्या गावची तीसेक माणसे बसलेली असली तरी दप्तरात आपले गाव रिकामे दिसते, आणि प्रवासी नाहीत म्हणून आणखी एक थांबा रद्द होतो. हा फेरा मी डोळ्यांदेखत पाहिला आहे. निवेदनात तो स्वच्छ शब्दांत लिहा आणि त्यासोबत शेजारच्या स्थानकावरून पास काढणाऱ्या आपल्या गावच्या लोकांच्या जुन्या पासांच्या छायाप्रती जोडा. शंभर सह्यांपेक्षा असे दहा पास अधिक वजनदार ठरतात.

आता गाडीकडे येऊ. कोल्हापूर–मिरज हा सुमारे ४८ किलोमीटरचा मार्ग विद्युतीकरण होऊनही एकेरीच आहे, आणि आपल्या प्रश्नाचे खरे मर्म येथे आहे. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या मधल्या टप्प्यात, ज्याला आम्ही सेक्शन म्हणतो, एका वेळी एकच गाडी असू शकते. पूर्वी त्याची हमी म्हणून चालकाच्या हाती यंत्रातून काढलेला लोखंडी गोळा देत असत; वेताच्या कडीला बांधलेल्या कातडी पिशवीत तो गोळा असे आणि धावत्या गाडीला ती कडी देताना मनगटाला जो हिसका बसे, तो पावसाळ्यात आजही आठवतो. गोळा हाती नाही तर गाडी पुढे नाही. आता यंत्रणा बदलली, तत्त्व तेच आहे. आपला थांबा सेक्शनच्या मध्ये असेल आणि तेथे सिग्नल नसतील, तर तेथे उभी असलेली गाडी सगळा सेक्शन अडवून ठेवते. वेळापत्रकात थांबा एका मिनिटाचा लिहिलेला असला तरी ब्रेक लावणे, माणसे चढणे-उतरणे आणि पुन्हा वेग घेणे हे सगळे धरून पाच मिनिटांच्या आसपास जातात, आणि तेवढा वेळ समोरून येणारी गाडी पुढच्या स्थानकात क्रॉसिंगसाठी, म्हणजे आपल्या गाडीला वाट देण्यासाठी, खोळंबते. या मार्गावर एक्स्प्रेस गाड्या आहेत, सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर–पुणे वंदे भारतही धावते. सर्व गाड्यांना थांबा द्या असे लिहिलेले निवेदन नियंत्रण कक्षातील माणूस पहिल्या ओळीनंतर वाचणारच नाही.

म्हणून मागणी दोनच गाड्यांची करा: सकाळी कामाच्या आणि महाविद्यालयाच्या वेळेला पोहोचवणारी एक सवारी गाडी, आणि संध्याकाळी परत आणणारी दुसरी. सकाळी नेणारी मिळाली आणि आणणारी मिळाली नाही, तर त्या थांब्याचा उपयोग शून्य. आपल्या विद्यार्थिनींचे उदाहरण त्याचाच पुरावा आहे. मागणीत प्रायोगिक थांबा असा शब्द वापरा. रेल्वे अनेक ठिकाणी सहा महिन्यांसाठी असा थांबा देते आणि प्रतिसाद पाहून पुढे कायम करते. साहेबांनाही तो देणे सोपे जाते, कारण उद्या चुकले तर मागे घेता येतो.

आणखी एक विचारतो. आपल्या थांब्यावर पूर्वी दोन रूळ होते का? म्हणजे मेन लाइनच्या शेजारी गाडी बाजूला घेण्याची लूप लाइन होती का? फलाटासमोर मोकळी, खडी पसरलेली रुंद पट्टी असेल तर ती बहुधा लूपची जागा. तसे असेल तर आपले गाव कधी काळी क्रॉसिंगचे स्थानक होते, आणि मग आपली बाजू पुष्कळच भक्कम होते. लूप पुन्हा घातला तर मोठ्या सेक्शनचे दोन लहान सेक्शन होतात आणि त्याच मार्गावरून जास्त गाड्या काढता येतात, म्हणजे लाभ केवळ आपला नव्हे तर रेल्वेचाही. मात्र क्रॉसिंगचे स्थानक म्हणजे चोवीस तास पाळ्यांमध्ये मास्तर आणि रूळ बदलणारे पॉइंट्समन, सिग्नल आणि ते चालवणारे पॅनेल. तो खर्च लहान नाही. ही गोष्ट निवेदनाच्या शेवटी दूरची सूचना म्हणून लिहा, मागणी म्हणून नको.

इमारत, शेड, पूल हे सध्या विसरा. गाडी थांबू लागली की शेड येते. शेड उभी राहिली म्हणून गाडी थांबल्याचे मला आठवत नाही. खासदारांना वर्षाला ५ कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी असतो आणि हॉल्टवरील किरकोळ बांधकाम त्यात बसते, त्यामुळे तो विषय नंतरही सुटेल. आणि महापुरात रस्ता बंद होतो म्हणून रेल्वे हवी, असा मुद्दा कोणी सुचवला तर तो गाळा. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला हे खरे, परंतु पंचगंगेला पूर आला की रुकडीच्या पुलामुळे रेल्वेसुद्धा थांबते. जो दावा साहेब एका वाक्यात खोडतील तो लिहूच नये.

उत्तर : पासधारक

मास्तरांच्या अनुभवाविषयी पूर्ण आदर राखून थोडी वेगळी बाजू मांडतो. मी स्वतः अनेक वर्षे याच मार्गावर पासावर प्रवास केला आणि तीन वर्षांपूर्वी तो सोडून दुचाकी घेतली, त्यामुळे माझे मत कडवट वाटले तर समजून घ्यावे.

कोल्हापूरचे स्थानक शाहूपुरीत आहे. शाहूपुरी, राजारामपुरी किंवा दसरा चौकात काम असलेल्या माणसाला रेल्वे सोयीची आहे, यात वाद नाही. पण आपल्या गावातील किती माणसे तेथे जातात? शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत जाणारा कामगार रेल्वेने जाणार नाही, कारण वसाहत महामार्गावर आहे, लोहमार्गावर नाही. कागल आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींचेही तेच. विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याला स्थानकावर उतरून पुन्हा केएमटी धरावी लागते, आणि गाडी वीस मिनिटे उशिरा आली की ती केएमटीही हुकते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे, त्यामुळे ज्या मुलींसाठी आपण गाडी मागता त्यांना एसटी महाग पडत नाही. त्यांना ती वेळेवर आणि चढण्याजोगी मिळत नाही, एवढेच. मग संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत दोन जादा फेऱ्या मागणे हे रेल्वेचे वेळापत्रक बदलण्यापेक्षा सोपे नाही का? आगार व्यवस्थापकाला भेटता येते, त्याच्यापुढे उभे राहता येते. रेल्वेत कोणापुढे उभे राहायचे हेच कळत नाही.

भाड्याविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. टाळेबंदीनंतर सवारी गाड्या एक्स्प्रेसच्या दराने चालवल्या आणि किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. २०२४ च्या सुरुवातीला ते पुन्हा १० वर आले. मधल्या काळात ज्यांनी गाडी सोडली त्यांनी हप्त्यावर दुचाक्या घेतल्या, आणि ज्याच्या दारात दुचाकी उभी आहे तो माणूस केवळ वीस रुपयांसाठी फलाटावर उभा राहत नाही.

एवढे लिहूनही मी थांब्याच्या विरोधात आहे असे समजू नये. माझे म्हणणे इतकेच की आपण सगळे कोल्हापूरच्या दिशेने पाहत आहात. गावातील रुग्ण कोठे जातात ते पाहा. आमच्या पट्ट्यात मोठ्या दुखण्याला माणसे पूर्वीपासून मिरजेला जातात, आणि मिरजेला जाणाऱ्याला रस्त्याने जयसिंगपूर, अंकली असा फेरा पडतो. त्या दिशेला रेल्वे रस्त्याला सहज हरवते. मोजणी करायचीच असेल तर दोन्ही दिशांची करा. कदाचित आपली खरी गाडी मिरजेकडे जाणारी असेल.

उत्तर : वळिवडेकर

मास्तरांनी तांत्रिक बाजू सांगितलीच आहे, मी फक्त एक जुनी गोष्ट जोडतो. ३ मे १८८८ रोजी शाहू महाराजांच्या हस्ते या लोहमार्गाची पायाभरणी झाली आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. मीटरगेजचा तो मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. या सर्व काळात वस्ती आणि स्थानक यांचे नाते बदलत राहिले. १९४३ ते १९४८ या काळात आमच्या वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीनंतर आलेले सिंधी बांधव वसले आणि आजची गांधीनगरची बाजारपेठ उभी राहिली. गूळ मार्केटचा थांबा तर नावातच आपले कारण सांगतो. त्यामुळे गाव वाढले म्हणून थांबा मागणे यात या मार्गावर नवे असे काहीच नाही, आणि बाईंनी संकोच करू नये. वडाप हे मात्र उत्तर नव्हे, हे पासधारकांनीही मान्य करावे.

उत्तर : परदेशस्थ करवीरकर

मी मूळची राजारामपुरीची. नोकरीनिमित्त सध्या स्कॉटलंडमध्ये ॲबरडीन शहराजवळ राहते. येथील अनुभव जसाच्या तसा आपल्याकडे लागू होत नाही याची मला जाणीव आहे, तरीही दोन उदाहरणे उपयोगी पडावीत.

ब्रिटनमध्ये १९६३ च्या एका अहवालानंतर हजारो लहान स्थानके तोट्यात आहेत म्हणून बंद करण्यात आली. ॲबरडीनच्या दक्षिणेचे लॉरेन्सकर्क हे गाव त्यातलेच; तेथील स्थानक १९६७ मध्ये बंद झाले. गाड्या मात्र त्याच रुळांवरून त्याच गावातून न थांबता जात राहिल्या, म्हणजे आपल्याच गावासारखी स्थिती. पुढे तेथे वस्ती वाढली, रहिवाशांनी बरीच वर्षे पाठपुरावा केला आणि मे २००९ मध्ये जुन्या जागीच स्थानक पुन्हा उघडले. प्रवाशांची संख्या आधी बांधलेल्या अंदाजाच्या कितीतरी पुढे गेली. पासधारकांनी विचारलेला प्रश्न तेथेही विचारला गेला होता, की लोकांकडे मोटारी असताना ते गाडीने का जातील. उत्तर असे निघाले की मोटार स्थानकापर्यंत आणायची, तेथे लावायची आणि पुढे गाडीने जायचे. आपल्याकडे मोटारीच्या जागी दुचाकी धरावी. म्हणून शेडपेक्षा दुचाकी तळाची जागा आधी ठरवून ठेवावी, असे मी सुचवेन.

दुसरे उदाहरण किंटोरचे. हे गाव शहराच्या वायव्येला आहे आणि तेथील स्थानक १९६४ मध्ये बंद झाले होते. ते ऑक्टोबर २०२० मध्ये उघडले, पण त्याआधी काय घडले ते मास्तरांच्या मुद्द्याला धरून आहे. तो मार्ग मधल्या काळात एकेरी केलेला होता, आणि एकेरी मार्गावर आणखी एक थांबा घातला तर सगळे वेळापत्रक कोलमडेल, हीच अडचण होती. त्यामुळे आधी तेथे दुसरा रूळ घालण्यात आला, ते काम ऑगस्ट २०१९ मध्ये पुरे झाले आणि त्यानंतर वर्षभराने स्थानक उघडले. तेथे दीडशेहून अधिक मोटारींचा तळही सुरुवातीपासूनच केला. सांगायचा हेतू हा, की कोल्हापूर–मिरज दुहेरीकरणाची मागणी आणि आपल्या थांब्याची मागणी या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. फक्त दुहेरीकरणाची वाट पाहत बसलात तर विद्यार्थिनींचे पदवीचे शिक्षण संपून जाईल, म्हणून मास्तरांच्या दोन गाड्या आधी मागाव्यात.

प्रतिसाद : करंजाखाली

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून काल सकाळी आणि संध्याकाळी नववीच्या मुलांना सोबत घेऊन थांब्यावर जाऊन आले. मास्तर, फलाटासमोर आपण म्हणता तशी रुंद पट्टी आहे. तिच्यावर आता बाभळी आल्या आहेत, परंतु मुलांनी काट्यांतून वाट काढल्यावर जुन्या स्लीपरचा एक तुकडा आणि टोकाला मातीचा उंचवटा सापडला. सासूबाईंना विचारले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "दोन गाड्या समोरासमोर थांबायच्या की. आम्ही त्या गाडीतल्या बायकांशी खिडकीतून बोलत असू." इतकी वर्षे ही गोष्ट घरात होती आणि मी कधी विचारलीच नव्हती.

पासधारकांच्या सूचनेवरून फाट्यावर दोन्ही दिशांची मोजणी पुढच्या आठवड्यापासून सुरू करीत आहोत. सोमवार आणि गुरुवार असे दोन दिवस, सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ, प्रत्येकाला एवढेच विचारायचे की कोठे निघालात, किती वाजता पोहोचायचे आहे आणि परत किती वाजता यायचे आहे. कोल्हापुरात म्हणणाऱ्याला कोणत्या भागात हेही विचारायचे, म्हणजे शिरोलीला जाणारे आमच्या आकड्यात घुसणार नाहीत. आकडा लहान आला तरी आहे तसाच लिहू. एसटीच्या जादा फेऱ्यांचा अर्जही वेगळा करीत आहोत. एकामुळे दुसरा अडेल असे मला वाटत नाही.

एक अडचण मात्र आहे. ग्रामपंचायतीतील काही सदस्यांना दोनच गाड्यांची मागणी फार किरकोळ वाटते. एवढ्यासाठी निवेदन कशाला, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना कसे समजवावे?

उत्तर : लाइन क्लिअर

समजावण्याच्या फंदात पडू नका, बाई. त्यांची संपूर्ण यादी "भविष्यातील अपेक्षा" या मथळ्याखाली शेवटच्या पानावर घाला आणि सगळ्यांच्या सह्या त्याच पानावर घ्या. पहिल्या पानावर दोन गाड्यांचे क्रमांक, त्यांची सध्याची वेळ आणि मोजणीचा तक्ता, याखेरीज एक अक्षरही नको. निवेदनाची एक प्रत विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीवर आपल्या भागातून जे सदस्य असतील त्यांना द्या. समितीच्या बैठकीत विचारलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर मिळते आणि ते उत्तर पुढे आपल्याच कामी येते. मातीचा जो उंचवटा सापडला, तो लूपच्या टोकाचा आडोसा असावा. त्याचे छायाचित्र काढून ठेवा, पण रुळांच्या कडेने मुलांना पुन्हा नेऊ नका. आपल्या थांब्यावरून गाड्या आता न थांबता जातात आणि विजेच्या इंजिनाचा आवाज जवळ येईपर्यंत कळत नाही.

किल्लीचे म्हणाल, तर ती शेजारच्या स्थानकात मास्तरांच्या टेबलामागील कपाटात, खिळ्याला टांगलेली असण्याचा संभव अधिक. आमच्याकडे अशा तीन होत्या, प्रत्येकीला गावाच्या नावाची पत्र्याची चकती बांधलेली. माहितीच्या अर्जाची पोच घ्यायला जाल तेव्हा सहज विचारून पाहा.